छातीतला भाडेकरू

बाईंनी जन्मभर लोकांना गप्प बसवलं. वाचनालयातली नोकरीच तशी. कुणी पान जरा जोरात उलटलं, की चष्म्यावरून एक नजर जायची आणि तो माणूस पुढचं पान श्वास रोखून उलटायचा. अशा बाईला नवरा मिळाला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून खालच्या माणसाला ओरडून सांगण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. जेवताना मीठ मागितलं, तरी ते पाचव्या मजल्यावरून मागितल्यासारखं वाटायचं. जोडी जमवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

पुढे नवऱ्याच्या हृदयातली एक झडप निकामी झाली. मोठ्या इस्पितळात, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, ती काढून त्या जागी धातूची झडप बसवायचं ठरलं. सर्जननं आदल्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ही झडप तुम्हाला जन्मभर पुरेल. पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागेल, आणि दर महिन्याला रक्त तपासायला यावं लागेल. आणखी एक, आवाज होईल. झडप मिटली की टिक. शांत खोलीत ऐकू येतो."

"आवाजाचं काय घेऊन बसलात," नवरा म्हणाला. "आमच्या घरात आवाज माझाच असतो."

आपल्याला दिवसभर शांततेत बसायची सवय आणि आता रोज उशाशी हे, एवढंच बाईंच्या मनात आलं.

सुरुवातीला त्यांची झोप उडाली, हे खरंच आहे. कानात कापूस घालून झाला, उशी डोक्यावर घेऊन झाली. नवऱ्यानं मात्र त्या आवाजाचं बारसंच करून टाकलं. त्याला तो 'भाडेकरू' म्हणायचा. "भाड्याचं नाव नको आणि ठोकाठोक अष्टौप्रहर," असं म्हणून छातीवर हात फिरवायचा. भिंतीवरचं घड्याळ त्यानं उतरवून मोलकरणीला देऊन टाकलं. एका घरात दोन टिकटिक नकोत, म्हणाला, एक दुसरीला खोटं पाडते.

मग हळूहळू बाईंना भाडेकरूची भाषा कळायला लागली. नवरा पेपर वाचतोय की पेपर तोंडावर घेऊन झोपलाय, हे त्यांना स्वयंपाकघरातून कळायचं. लिफ्ट बंद असताना हा बहाद्दर जिना चढून आला असेल, तर दार उघडायच्या आधीच भाडेकरू चुगली करायचा. पत्ते खेळताना तर नवऱ्याची पार गोची व्हायची. हातात काही नसताना थाप मारायला गेला, की टिकटिक पळायला लागायची आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "दाखव पानं." त्यानं पत्ते टाकून द्यायचे आणि भाडेकरूला शिव्या घालायच्या. "घरभेदी कुठला!"

असा संसार चालू होता. एका दुपारी बाई मटार सोलत बसल्या होत्या आणि नवरा मागच्या खुर्चीत पेपर वाचत होता. हातातली शेंग अर्धी फोडून बाई थांबल्या. का थांबल्या ते त्यांनाच कळेना. फ्रिज बंद पडल्यावर मगच लक्षात येतं ना, की इतका वेळ तो घुरघुरत होता, तसं काहीसं. मग त्यांना कळलं. पण मान वळवायला त्यांना बराच वेळ लागला. वळवली नाही तोवर तो मागे पेपर वाचतच होता.

माणसं आली, गेली. लेक येऊन राहिली, घर आवरून, डबे भरून ठेवून आपल्या गावी गेली. जाताना म्हणाली, "आई, टीव्ही लावून ठेवत जा. घर बोलकं राहतं." बाईंनी टीव्ही लावून पाहिला. तो बोलायचा खरा, पण त्यांच्याशी नाही. मग त्यांनी बाजारातून चांगलं मोठं टिकटिकणारं घड्याळ आणलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना त्याचा राग आला. काहीही होवो, याची चाल तीच. जिना चढून आल्यासारखं नाही, डुलकी लागल्यासारखं नाही. ठोंब्या मेला. बाईंनी ते टॉवेलात गुंडाळून कपाटात, गोधड्यांच्या खाली कोंबलं. आणि मग घर इतकं गप्प झालं, की वाचनालयात आयुष्य काढलेल्या बाईंना त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली.

उरलेल्या गोळ्या कुणा गरजूला मिळाव्यात म्हणून त्या एका मंगळवारी इस्पितळात गेल्या. मंगळवार हा झडपवाल्यांचा दिवस. सकाळी सगळ्यांनी रक्त द्यायचं, मग तळमजल्यावरच्या लांबट खोलीत बाकांवर बसून राहायचं, आणि अहवाल आला की सिस्टर एकेकाला आत बोलावून गोळी अर्धी वाढवायची की कमी करायची ते सांगायच्या. या सिस्टर म्हणजे कडक इस्त्रीच्या बाई. कुणी पालेभाजी जास्त खाल्ली तर रक्तावरून ओळखायच्या आणि सगळ्यांसमोर काढायच्या.

गोळ्या देऊन बाई दम खायला बाकावर टेकल्या. त्या दिवशी भिंतीवरचा टीव्ही बिघडलेला होता. बोलणारे बोलून दमले होते. आणि तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. टिक. टिकटिक. टिक. खोलीभर. इथून एक, तिथून एक, कुणी घाईत, कुणी निवांत. शिवणकामवाली, बस कंडक्टर, कुणी आजोबा, सगळ्यांच्या छातीत एकेक भाडेकरू बसला होता. बाईंनी डोळे मिटले. घरून निघाल्यापासून आवळून धरलेली पिशवी त्यांच्या मांडीवर सैल पडली.

पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी त्या पुन्हा गेल्या. मग दर मंगळवारी जायला लागल्या. त्यांना कुणी हटकलं नाही. कितीतरी वर्षं त्या नवऱ्याबरोबर तिथे येत होत्या, तेव्हा खोलीतल्या बाकांइतक्याच त्याही तिथल्याच. एखादी नवखी बाई शेजारी बसून विचारायची, "तुमचे आत गेलेत का?"

"हो, गेलेत," बाई म्हणायच्या आणि खिडकीकडे बघायच्या.

आता त्या खोलीत एक पोस्टमन होते. म्हणजे नोकरीतून कधीच सुटलेले, पण सगळे त्यांना पोस्टमनच म्हणायचे. उंच, काटकुळे, अंगावर औषधाला मांस नाही. त्यामुळे त्यांची झडप अशी वाजायची, की कंडक्टरनं त्यांचं नाव 'लाउडस्पीकर' ठेवलं होतं. एका मंगळवारी जागा नव्हती म्हणून बाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि बसल्या जागी दचकल्या. त्याच बनावटीची जुनी झडप. तोच आवाज. मधेच एक ठोका किंचित अडखळायचा आणि पुढचा पटकन येऊन त्याला सावरायचा, तेही तसंच. बाईंनी शेजारी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोस्टमन दिसले असते.

त्या दिवसापासून बाईंची जागा ठरली. कोपऱ्यातला बाक, पोस्टमनच्या डावीकडे. दुधाची तहान ताकावर म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण तहान लागलेल्याला असलं काही सांगू नये.

पोस्टमनच्या बाजूनं पाहिलं, तर गोष्ट वेगळीच होती. बायको जाऊन त्यांना युगं लोटलेली, मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा उगवणारा. त्यांचाही रक्ताचा दिवस महिन्यातून एकदाच यायचा, पण घरी बसून करायचं काय, म्हणून तेही दर मंगळवारी येऊन बसायचे. अशा माणसाच्या शेजारी एक नीटनेटकी बाई स्वतःहून येऊन बसते, दुसरीकडे जागा असली तरी तिथेच बसते, आणि डोळे मिटून अशी निवांत होते, की जणू इथेच यायला घरून निघाली होती. पोस्टमननी काय समजायचं? जे कुणीही समजलं असतं, तेच ते समजले. आधी त्यांच्या केसांना कंगवा लागला. मग दुकानातल्या घडीसकट नवा सदरा आला. मग बाई येईपर्यंत डावीकडच्या जागेवर त्यांची कापडी पिशवी बसायला लागली. कंडक्टरनं शिवणकामवालीला कोपरानं ढोसलं, ती पदराआड हसली. सगळ्या खोलीला कळलं, फक्त बाईंना नाही.

पोस्टमन बोलायचेही खूप. टपाल टाकायला गेल्यावर कुठला कुत्रा कसा चावला, कुठल्या घरच्या म्हातारीनं पत्राची वाट बघत रोज पाणी कसं दिलं आणि शेवटी यांनीच स्वतःच्या हातानं पत्र लिहून तिला कसं वाचून दाखवलं. गोष्टी चांगल्या होत्या. पण बाईंना मनातून वाटायचं, या माणसानं घटकाभर गप्प बसावं, म्हणजे याचं नीट ऐकता येईल.

दिवस गेले आणि पोस्टमनना धाप लागायला लागली. गोष्ट सांगताना कुत्रा चावायच्या आधीच दम संपायचा. आवाजही बदलला होता. टिक पूर्वीसारखी खणखणीत पडत नव्हती. बाईंना ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण सांगणार कुणाला?

एका मंगळवारी पोस्टमन आतून आले ते खुशीत.

"बाई, ठरलं एकदाचं. सर्जन म्हणतात, झडपेच्या कडेनं मांस वाढलंय, दार पुरतं उघडत नाही. छाती पुन्हा उघडायची आणि झडप बदलायची. दुसऱ्यांदा उघडायची म्हणजे काम अवघड आहे, पण न करून भागणार नाही."

"तशीच बसवणार ना?" बाईंनी विचारलं.

"छे! आता या वयात मऊ झडप बसवतात म्हणे. प्राण्याच्या कातड्याची. गोळ्या बंद, दर महिन्याला टोचून घेणं बंद. आणि मुख्य म्हणजे," पोस्टमननी छातीवर टिचकी मारली, "ही कटकट बंद. एकदम गपगार. कितीतरी वर्षांनी शांत झोपेन."

"नका बदलू," बाई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ते असं सुटलं, की आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं. वाचनालयात कुणी असं बोललं असतं, तर त्यांनीच त्याला बाहेर काढलं असतं.

पोस्टमनचा चेहरा उजळला. "अहो, एवढी काळजी कशाला? सर्जनचा हात चांगला आहे. मला काही होत नाही."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

बाईंना खोटं बोलता यायचं ते दोन शब्दांपुरतं. 'हो, गेलेत' एवढं. त्यापुढे त्यांची मजल नव्हती. त्यांनी खाली बघत सांगायला सुरुवात केली. लिफ्टवाला, भाडेकरू, पत्ते, मटाराची शेंग, गोधड्यांखालचं घड्याळ. सांगताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की ऐकणाऱ्याचं काय होतंय तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "अगदी यांच्यासारखाच वाजतो तुमचा. तो आवाज गेला, की मला कुठेच काही उरत नाही."

पोस्टमननी नजर समोरच्या भिंतीकडे वळवली. टिकटिक मात्र पळत होती. बाईंना ती ऐकू येत होती आणि तिचा अर्थही कळत होता. पत्त्यांत कळायचा तसाच.

"म्हणजे इतके मंगळवार तुम्ही माझ्या शेजारी बसत नव्हता," पोस्टमन म्हणाले.

"बसत होते की."

"नाही. तुमच्या मालकांशेजारी बसत होता. पत्र त्यांचं. मी आपला आणून देणारा." ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "आणून देणाऱ्याला कुणी घरात बोलवत नाही, बाई. मला काय ठाऊक नाही होय?"

त्यांनी कापडी पिशवी उचलली आणि धापा टाकत दाराकडे गेले. नवा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता. त्यांना हाक मारावी असं बाईंना वाटलं, पण काय म्हणून मारायची, ते त्यांना सुचलं नाही.

पुढच्या मंगळवारी कोपऱ्यातला बाक रिकामा होता. त्यावर कुणाची पिशवी नव्हती. बाई आपल्या जागी बसल्या. खोलीत इतर भाडेकरू वाजत होते, पण त्यांना ते परक्याच्या घरातल्या भांड्यांसारखे वाटले. उजवीकडची जागा सारखी डोळ्यांत खुपत होती. कुत्र्याची ती गोष्ट अर्धीच राहिली, हे त्यांना आता आठवलं. तो कुत्रा पुढे पाळला, असं काहीतरी ते सांगत होते. की दुसराच कुत्रा? बाईंनी नीट ऐकलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर सिस्टर त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"लाउडस्पीकरचं ऑपरेशन झालं. फार वेळ चाललं, पण झालं. आता अतिदक्षतेतून वॉर्डात आणलंय. भेटायला कोणी नाही. मुलगा समुद्रात आहे, फोनच लागत नाही."

"मी कशी जाणार? माझे हे…" बाईंनी सवयीनं आतल्या दाराकडे बोट केलं.

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. कडक इस्त्री बाकावर अशी बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. "बाई, तुमचे हे गेले, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या लेकीनं फोन केला होता. गोळ्या आणून दिल्यात तेव्हा मी बोलणार होते, पण तुम्ही बसलात आणि तुमचा डोळा लागला. मग म्हटलं, बसू दे. बाक काय कुणाच्या बापाचे आहेत?"

बाईंना रडू आलं. नवरा गेल्यावर माणसांसमोर आलं नव्हतं, ते त्या रिकाम्या खोलीत आलं. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भेटीची वेळ चार ते सहा."

वॉर्डच्या दारावरच्या माणसानं विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"शेजारीण," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

पोस्टमन खिडकीजवळच्या खाटेवर होते. चेहरा मेणासारखा, दाढी वाढलेली, छातीवर गळ्यापासून खाली पांढरी पट्टी. शेजारी तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं होतं. नळीनं श्वास ओढून त्या गोळ्या वर चढवायच्या, म्हणजे फुप्फुसं मोकळी होतात. पोटावर एक लहान घट्ट उशी होती. छातीचं हाड कापून तारेनं शिवलेलं असतं, तेव्हा खोकला आला की ती उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची आणि मग खोकायचं, नाहीतर जीव जातो. वॉर्डातली सगळी मोठमोठी माणसं आपापली उशी कुशीत घेऊन पडली होती.

बाईंना बघून पोस्टमननी मान फिरवली. मग हात लांबवून त्यांनी उशाजवळच्या कपाटातून एक लहान पारदर्शक डबी काढली.

"तुमची वस्तू," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. "आधीच सांगून ठेवलं होतं सर्जनना, फेकू नका म्हणून. तपासून, धुऊन परत दिली. घ्या."

डबीत झडप होती. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. कापडाची गोल कडा, आत धातूची चौकट आणि त्यात हलणारी काळी चकती. बाईंनी डबी तिरकी केली. चकती पडली. टिक.

"मी काय म्हणणार होते…" बाईंनी सुरुवात केली.

"मला बोलवत नाही," पोस्टमन म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. त्यांच्या छातीतून कसलाच आवाज येत नव्हता. बाई डबी घेऊन घरी आल्या.

संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याच्याच. दिवा लावला नाही. डबी कानाशी धरून त्यांनी तिरकी केली. टिक. सरळ केली. टिक. बरोबर तोच आवाज. भिंती, कपाट, स्वयंपाकघरातला ओटा, सगळ्यांनी जणू कान दिला. टिक. टिक. अडखळणारा तो ठोका आणि त्याला सावरणारा पुढचा, तेही त्यांना थोड्या वेळानं जमलं. कुणी मागच्या खुर्चीत पेपर वाचतंय, असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण मागे खुर्ची नव्हती. खुर्चीत त्याच बसल्या होत्या. आणि हात दुखायला लागला. हात थांबला की घर थांबायचं. पुन्हा हलवला की पुन्हा सुरू. हे सगळं आपण आपल्यालाच ऐकवतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी डबी खाली ठेवली. त्या घरात बाईंना इतकं एकटं आजवर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला त्या वॉर्डात हजर होत्या. त्यांनी डबी पोस्टमनच्या कपाटावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच असू द्या."

"का? वाजत नाही?"

"वाजते. पण हलवत बसावं लागतं."

"मग हलवायची."

"हात दुखतो हो."

पोस्टमनना हसू आलं. हसण्यानं छातीत कळ गेली, त्यांनी घाईनं उशी कवटाळली आणि कण्हत म्हणाले, "हसवू नका, बाई. टाके तुटतील." मग हसू ओसरलं, पण उशी त्यांनी सोडली नाही. "आता कशाला आलात? इथे काही ऐकू यायचं नाही तुम्हाला."

"तो कुत्रा पुढे पाळलात का, ते विचारायचं राहिलं होतं."

"कुठला?"

"तोच तर प्रश्न आहे. मी नीट ऐकलं नव्हतं."

बाई खाटेच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. इस्पितळात पाहुण्यांसाठी ठेवतात तसलं डगमगणारं स्टूल. त्या बसल्या आणि बसूनच राहिल्या. कुत्र्याची गोष्ट काही निघाली नाही. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

"एक सांगू?" पोस्टमन छताकडे बघत म्हणाले. "हसणार नसाल तर."

"सांगा."

"झोपच लागत नाही. एवढी वर्षं त्या टिकटिकीला शिव्या दिल्या. आता डोळा लागतो न लागतो तोच दचकून जाग येते. आधी कानोसा घेतो. छातीत काही वाजत नाही. मग वाटतं, संपलं, गेलो आपण. घाम फुटतो. नाडी धरून बघावी लागते, तेव्हा कुठे पटतं. दर वेळी तेच. डॉक्टर म्हणतात, झडप उत्तम चाललीय, झोपा निवांत. त्यांना काय जातंय सांगायला? इथल्या वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं तर त्यांनी झोपेची गोळी दिली. गोळीनं झोप येते हो, पण जाग आली की पुन्हा मेलेलाच." त्यांचे डोळे भरले होते. "आणि बघायला कोणी नसतं, आहे का गेला म्हणून."

बाईंनी कपाटावरची डबी उचलली, स्टूल थोडं पुढे ओढलं आणि डबी पोस्टमनच्या डाव्या छातीपासून वीतभर अंतरावर धरली. तिरकी केली. टिक. सरळ केली. टिक.

पोस्टमननी मान वळवली नाही. फक्त डोळे मिटले.

बाईंनी आधी चाल जरा जलद ठेवली, जिना चढून आल्यासारखी. मग चपला काढून खुर्चीत टेकल्यासारखी. मग पेपर उघडल्यासारखी. मधेच एक ठोका अडखळवला आणि पुढचा सावरून घेतला. मग सावकाश, आणखी सावकाश, पेपर हातातून घसरत जातो तशी. ही वाट त्यांना पाठ होती. पोस्टमनच्या कपाळावरची आठी सैल झाली. उशीवरची बोटं सुटी झाली. श्वास लांब आणि जड यायला लागला.

सहाची घंटा झाली. सिस्टर पाहुण्यांना हाकलायला आल्या, त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आधी पलीकडच्या टोकाच्या माणसांना बाहेर काढायला निघून गेल्या.

बाईंचा हात भरून आला होता. एकही ठोका न चुकवता त्यांनी डबी दुसऱ्या हातात घेतली.